मत पोचले का?

(७ नोव्हेंबर रोजी एका बुद्ध विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ७ नोव्हेंबर. १९०० साली ह्या तारखेस साताऱ्याच्या शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर ह्या मुलाचे नाव चढले, म्हणून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळण्यात येतो. चालकांनी मला ह्या दिवशी बोलावयास पाचारण केले, तेव्हा मी त्यांस कळविले की मी एक धडा सांगेन, मात्र तो शाळेच्या पुस्तकातील नसेल. तो दुसऱ्याच एका ७ नोव्हेंबरचा आहे. साल १८७६, देश अमेरिका. दोन्ही तारखा एकच निघाल्या हा केवळ योगायोग होय. मुहूर्त पाहण्याचे आपण सोडून दिले आहे, तेव्हा त्यात कोणी काही गूढ शोधू नये.

धडा सांगण्यापूर्वी घरातील एक गोष्ट सांगतो. माझी आई निरक्षर होती. मतदानाच्या दिवशी ती ठेवणीतले लुगडे नेसून सकाळीच रांगेत उभी राही. एका निवडणुकीत मी मोजणीच्या जागी उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. निकाल अटीतटीचा होता, फेरमोजणी झाली, आणि घरी परतावयास मध्यरात्र उलटली. आई जागी होती. कोण निवडून आले हे तिने विचारले नाही. तिने विचारले, "माझं मत पोचलं का रे?" मला हसू आले. मी म्हणालो, "अगं आई, एवढ्या हजारो मतांत तुझं मत कोणतं, हे मला कसं कळणार?" ती म्हणाली, "मग तू तिथं कशाला बसला होतास?" त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. पुढे मी १८७६ सालच्या त्या निवडणुकीचा इतिहास वाचला, तेव्हा ते मला गवसले. आज तेच तुमच्यापुढे ठेवावयाचे आहे.

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने नष्ट झाली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने मुक्त झालेल्या माणसास नागरिकत्व मिळाले. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने असे ठरले की, वर्ण किंवा पूर्वीची दास्यावस्था ह्या कारणावरून कोणाचाही मताधिकार हिरावून घेता येणार नाही. हा अधिकार अर्थात पुरुषांपुरताच होता. स्त्रियांस तो देशभर मिळावयास १९२० साल उजाडावे लागले. तरीसुद्धा, काल जो माणूस बाजारात विकला जात होता तो पाच वर्षांच्या आत मतपेटीपाशी उभा राहिला, ही जगाच्या इतिहासातील लहान घटना नव्हे. १८७० सालीच मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णी गृहस्थ सिनेटमध्ये जाऊन बसले.

दक्षिणेकडील गोऱ्या जमीनदारांस हे रुचले नाही. ज्या हातांनी आपला कापूस वेचावयाचा, त्याच हातांनी आपला राज्यकर्ता निवडावा ही कल्पनाच त्यांस असह्य होती. ह्या मन:स्थितीचे वर्णन तुम्हांस निराळे करून सांगण्याची गरज नाही.

ह्यातून काय अनर्थ होतो ते १८७६ च्या आधीच दिसले होते. १८७२ साली लुइझियाना राज्यात गव्हर्नरच्या निवडणुकीच्या मोजणीवरून वाद माजला. दोन्ही बाजूंनी आपलाच उमेदवार निवडून आल्याचे जाहीर केले आणि राज्यात दोन सरकारे उभी राहिली. त्या वादातून १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, कोलफॅक्स ह्या गावी सरकारी कचेरीत एकवटलेल्या कृष्णवर्णी लोकांवर सशस्त्र गोऱ्या टोळीने हल्ला केला, कचेरीस आग लावली आणि शरण आलेल्यांसही ठार मारले. मृतांचा नक्की आकडा कधीच लागला नाही. साठांपासून दीडशेपर्यंत निरनिराळे अंदाज आहेत. मतांची मोजणी नीट झाली नाही म्हणून माणसे मेली, आणि मेलेल्या माणसांचीही मोजणी कोणी नीट केली नाही. ज्या थोड्या आरोपींस शिक्षा झाली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने मार्च १८७६ मध्ये टिकू दिली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक व्हावयाची होती.

उमेदवार दोन होते. रिपब्लिकन पक्षाचे रदरफोर्ड हेस हे ओहायो राज्याचे गव्हर्नर, आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम्युअल टिल्डन हे न्यूयॉर्कचे गव्हर्नर. नाव सारखे आहे म्हणून तेथील रिपब्लिकन पक्षाचा आपल्याकडील पक्षाशी संबंध जोडू नये. त्या काळी तो लिंकनचा पक्ष होता आणि मुक्त झालेले गुलाम बहुतांशी त्यास मत देत. दक्षिणेतील जुने गुलामांचे मालक डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूस होते. आज त्या पक्षांची स्थिती पुष्कळच पालटली आहे, परंतु तो आजचा विषय नव्हे.

तेथे राष्ट्राध्यक्षास जनता सरळ निवडीत नाही, हेही ध्यानी घ्यावे. प्रत्येक राज्याच्या वाट्यास ठरावीक निर्वाचक येतात. राज्यात ज्या पक्षास अधिक मते पडतात त्याचे सर्व निर्वाचक निवडून आले असे धरण्याची तेथे सर्वसाधारण रीत आहे. त्या वर्षी निर्वाचकांची एकूण मते ३६९ होती; जिंकण्यास १८५ हवी होती.

मतदानाच्या रात्री हेस आपण हरलो असे समजून झोपी गेले. देशभरातील मतांत टिल्डन सुमारे अडीच लाखांनी पुढे होते. निर्वाचकांची १८४ मते त्यांच्या पदरात निश्चित पडली होती. केवळ एक कमी होते. हेस ह्यांची निश्चित मते १६५. उरलेली वीस मते वादात सापडली: लुइझियानाची आठ, साउथ कॅरोलायनाची सात, फ्लोरिडाची चार आणि ओरेगॉनचे एक. टिल्डन ह्यांस वीसांपैकी एक मिळाले तरी पुरे होते. हेस ह्यांस वीसच्या वीस हवी होती. पहाटेच्या सुमारास रिपब्लिकन पुढाऱ्यांच्या हे ध्यानी आले आणि दक्षिणेतील राज्यांस तारा धाडण्यात आल्या की, आपले राज्य हातचे जाऊ देऊ नका. येथून ती दीर्घ प्रतीक्षा सुरू झाली.

आता ह्या राज्यांत मतदान कसे झाले होते ते पाहा. साउथ कॅरोलायनात जुलै महिन्यात हॅम्बर्ग येथे कृष्णवर्णी लोकांची हत्या झाली होती. लाल सदरे घातलेल्या बंदूकधारी स्वारांच्या टोळ्या निवडणुकीपर्यंत गावोगाव फिरत होत्या. त्याच राज्यातील एजफील्ड परगण्यात मतदानास पात्र असलेल्या माणसांच्या संख्येहून दोन हजारांवर अधिक मते पेटीत निघाली. त्या काळी मतपत्रिका सरकार छापीत नसे, पक्ष छापीत. निरक्षर माणसास ओळखता यावी म्हणून तिजवर चित्र असे. तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या कित्येक मतपत्रिकांवर लिंकनचे चित्र छापण्यात आले. ज्याने आपली बेडी तोडली त्याचा चेहरा ओळखून निरक्षर माणसाने मोठ्या विश्वासाने कागद पेटीत टाकावा, आणि त्याचे मत त्याच्या जुन्या मालकाच्या पक्षास जावे! ठेवणीतले लुगडे नेसून रांगेत उभी राहणारी माझी आई मला हे वाचताना आठवली.

दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे. एकाच बाजूचे सांगणारा वकील असतो, अभ्यासक नसतो. ह्या राज्यांत मते तपासण्याचा अधिकार मोजणी-मंडळांस होता आणि त्या मंडळांवर रिपब्लिकन पक्षाचा ताबा होता. जेथे दहशत झाली तेथील मते बाद करण्याची त्यांस मुभा होती. लुइझियानाच्या मंडळाने सुमारे पंधरा हजार मते बाद केली. त्यांतील बहुतेक टिल्डन ह्यांची होती. ह्या मंडळावर लाचखोरीचे आरोपही झाले. एका बाजूने मतदारास पेटीपर्यंत पोचू दिले नाही. दुसऱ्या बाजूने पेटीत पोचलेली मते काढून टाकली. जे मत बंदुकीच्या धाकाने पडलेच नाही, ते मोजावे कसे? आणि जे पडले, ते केवळ शेजारच्या गावी दहशत झाली म्हणून टाकून द्यावे काय? हे प्रश्न सोपे नव्हते. ज्या क्षणी मतदाराच्या दाराशी बंदूक आली, त्या क्षणीच प्रामाणिक मोजणी अशक्य होऊन बसली होती.

प्रत्येक वादग्रस्त राज्यातून एकाहून अधिक निकालपत्रे वॉशिंग्टनला गेली. आता खरे कोणते? येथे एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. अमेरिकेच्या घटनेत असे सांगितले होते की, सिनेटच्या अध्यक्षाने दोन्ही सभागृहांसमक्ष निकालपत्रे उघडावी आणि मग मते मोजली जावी. 'मोजली जावी'! कोणी मोजावी, हे लिहिलेलेच नव्हते. शाळेतील मुले येथे बसली आहेत. त्यांनी गुरुजींस विचारावे की कर्मणी प्रयोगात कर्ता कोठे लपतो. कर्ता लपला म्हणून एक महान राष्ट्र चार महिने गोंधळात पडले. सिनेट रिपब्लिकनांच्या हाती होते. ते म्हणत, आमचा अध्यक्ष मोजील. प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांच्या हाती होते. ते म्हणत, आमच्या संमतीवाचून एकही मत मोजता येणार नाही. 'टिल्डन, नाही तर रक्त' अशा घोषणा होऊ लागल्या. यादवी युद्ध संपून अवघी बारा वर्षे झाली होती. ते पुन्हा पेटते की काय अशी धास्ती लोकांस वाटू लागली.

अखेर जानेवारी १८७७ मध्ये कायदा करून पंधरा जणांचा एक निर्वाचन आयोग नेमण्यात आला. पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी आणि सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायाधीश. सात एका पक्षाचे, सात दुसऱ्या पक्षाचे, आणि पंधरावे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस हे कोणत्याच पक्षाचे नाहीत, अशी योजना होती. परंतु ऐन वेळी इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने डेव्हिस ह्यांस सिनेटवर निवडून दिले, त्यांनी आयोगावर बसण्याचे नाकारले आणि त्यांच्या जागी न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली आले. ते रिपब्लिकन होते. ह्यापुढील प्रत्येक महत्त्वाचा निर्णय आठ विरुद्ध सात असा झाला. राज्यातून आलेल्या अधिकृत निकालपत्राच्या मागे जाऊन आम्ही मतांची चौकशी करणार नाही, असे आयोगाने ठरविले. म्हणजे मतपेटीत काय झाले हा मूळ प्रश्न बाजूस राहिला. वीसच्या वीस मते हेस ह्यांच्याकडे गेली.

तरीही डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहात काम लांबविण्याचा घाट घातला. ४ मार्चला नव्या राष्ट्राध्यक्षाने सूत्रे घ्यावयाची होती आणि दिवस संपत आले होते. अशा वेळी, २६ फेब्रुवारी १८७७ रोजी, वॉशिंग्टनमधील वर्मली हाउस ह्या हॉटेलात दोन्ही पक्षांचे काही पुढारी भेटले. हेस राष्ट्राध्यक्ष होतील. दक्षिणेतील राज्यांच्या अंतर्गत कारभारात केंद्र सरकार हात घालणार नाही. तेथील रिपब्लिकन सरकारांच्या पाठीशी उभे असलेले केंद्राचे सैनिक मागे घेतले जातील. अशा अर्थाची समजूत झाली. निकाल ह्याच बैठकीने ठरला काय, ह्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. काहींच्या मते तो आधीच ठरत आला होता. ह्यापुढे काय घडले ह्याविषयी मात्र मतभेद नाही. २ मार्चच्या पहाटे निकाल जाहीर झाला: १८५ विरुद्ध १८४. एप्रिल महिन्यात साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना येथील राज्य-कचेऱ्यांपासून सैनिक हलविण्यात आले आणि दोन्ही सरकारे जुन्या मालकवर्गाच्या हाती गेली.

त्या हॉटेलाचे मालक जेम्स वर्मली हे स्वतः कृष्णवर्णी होते. घर कृष्णवर्णी माणसाचे, आणि त्या घरात बसून कृष्णवर्णी समाजाच्या भवितव्याची वाटणी झाली. परंतु वाटाघाटीच्या मेजावर त्या समाजाचा प्रतिनिधी नव्हता. चार महिने देश वाट पाहत होता. मोजणीचा वाद मिटला, युद्ध टळले, व्यापाऱ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. ह्या शांततेची किंमत ज्यांनी भरली, त्यांस ती कोणी विचारलीही नव्हती.

किंमत किती, ते आकड्यांतच सांगतो. मिसिसिपी राज्याने १८९० साली नवी राज्यघटना केली. मतदानावर कर बसविला, घटनेतील कलम वाचून किंवा ऐकून अर्थ सांगण्याची परीक्षा ठेवली. पंधरावी दुरुस्ती शाबूत होती. कोठेही वर्णाचे नाव घेतलेले नव्हते. केवळ परीक्षक गोरा होता. इतर दक्षिणी राज्यांनी तोच कित्ता गिरविला. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णी मतदारांची नोंद होती. १८९८ साली तेथे नवी घटना झाली, आणि १९०० साली ती नोंद ५,३२० वर आली. चार वर्षांत शंभरातले शहाण्णव मतदार पुसले गेले. ज्या आठ मतांवाचून हेस राष्ट्राध्यक्ष झाले नसते, त्या लुइझियानाचीच ही कथा आहे.

आणखी एक हिशेब मांडा. मोजणीचा गोंधळ पुन्हा होऊ नये म्हणून अमेरिकेने १८८७ साली निर्वाचक मतांच्या मोजणीचा कायदा केला. दहा वर्षांत पुढाऱ्यांची अडचण दूर झाली. ज्याचे मत गेले होते त्या माणसाचा मताधिकार खऱ्या अर्थाने राखणारा कायदा मात्र १९६५ साली झाला. म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. आणि तोसुद्धा रस्त्यावर उतरून, मार खाऊन, प्राण देऊन मिळविलेला.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. तर मग नजीकच्या दोन निवडणुका पाहू.

२००० सालची निवडणूक हीही ७ नोव्हेंबरलाच झाली. सारा निकाल फ्लोरिडा राज्यावर येऊन ठेपला. दूरचित्रवाणीने त्या रात्री प्रथम ते राज्य अल गोर ह्यांस दिले, मग परत घेतले, मग जॉर्ज बुश ह्यांस दिले, मग पुन्हा परत घेतले. गोर ह्यांनी दूरध्वनीवरून पराभव मान्य केला आणि थोड्या वेळाने तो मागे घेतला. पुढे पाच आठवडे मोजणी, फेरमोजणी आणि कोर्टकचेऱ्या चालल्या. छिद्र अर्धवट पडलेली मतपत्रिका मोजावी की नाही, ह्यावर दिव्याखाली कागद धरून खल झाला. अखेर १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने फेरमोजणी थांबविली. साठ लाखांच्या आसपास मतांत अंतर अवघे ५३७ मतांचे होते.

तेथील नागरी हक्क आयोगाने २००१ साली चौकशी केली, तेव्हा असा अंदाज निघाला की, फ्लोरिडात शंभर कृष्णवर्णी मतदारांपैकी सुमारे चौदांची मतपत्रिका बाद झाली होती. इतरांत हे प्रमाण शंभरास दोनाहूनही कमी होते. ६ जानेवारी २००१ रोजी दोन्ही सभागृहांपुढे मोजणी झाली, तेव्हा प्रतिनिधिगृहाचे कृष्णवर्णी सभासद एकामागून एक हरकत घेण्यास उठले. नियम असा की, हरकतीवर एका तरी सिनेटरची सही हवी. शंभर सिनेटरांपैकी एकानेही सही दिली नाही. अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष ह्या नात्याने स्वतः गोर बसले होते, आणि स्वतःच्याच बाजूच्या ह्या हरकती त्यांनी एकेक करून नियमबाह्य ठरविल्या. नियमाचे पालन करणारा पराभूत उमेदवार म्हणून त्यांचा गौरव झाला पाहिजे. पण शंभरांतून एक सही का मिळाली नाही, हेही आपण विसरता कामा नये.

२०२० साली ह्याच्या उलट झाले. ३ नोव्हेंबरला मतदान झाले. साथीच्या रोगामुळे टपालाने आलेली मते पुष्कळ होती, म्हणून मोजणीस दिवस लागले आणि ७ तारखेस जो बायडन निवडून आल्याचे वृत्तसंस्थांनी सांगितले. पराभूत राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प ह्यांनी निकाल चोरीचा आहे असा आरोप केला. आरोप करण्याचा अधिकार कोणासही आहे. परंतु आरोपामागे पुरावा लागतो. जॉर्जिया राज्यात सुमारे पन्नास लाख मतपत्रिका हातांनी पुन्हा मोजण्यात आल्या आणि मग यंत्रानेही. निकाल तोच राहिला, अखेरचे अंतर ११,७७९ मते. साठांच्या आसपास दावे झाले. निकाल फिरेल असा पुरावा एकाही न्यायालयापुढे आला नाही. चोरीचा आरोप कोणत्या शहरांवर झाला? डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, अटलांटा, मिलवॉकी. जेथे कृष्णवर्णी लोकांची वस्ती मोठी, ती शहरे. डेट्रॉइटला मोजणीच्या दालनाबाहेर जमाव काचा बडवीत 'मोजणी थांबवा' असे ओरडत होता. ६ जानेवारी २०२१ रोजी जमावाने संसदभवनच फोडले. त्यानंतर २०२२ साली कायदा सुधारण्यात आला: मोजणीत उपराष्ट्राध्यक्षाचे काम केवळ उपचाराचे आहे असे स्पष्ट लिहिले गेले, आणि हरकतीस दोन्ही सभागृहांच्या प्रत्येकी एक पंचमांश सभासदांची संमती आवश्यक ठरली. कर्मणी प्रयोगात लपलेला कर्ता बाहेर यावयास इतकी वर्षे लागली.

ह्या तीन निवडणुकांतून एकच गोष्ट मला दिसते. मतदान हा मताचा अर्धाच भाग आहे. मोजणी हा उरलेला अर्धा भाग आहे. ज्या दुर्बळास पहिल्या अर्ध्या भागासाठी झगडावे लागले, त्याने दुसरा अर्धा भाग परक्याच्या हाती निर्धास्तपणे सोपवून घरी जाऊ नये. मोजणीचा वाद जोपर्यंत नियमाच्या, साक्षीच्या आणि पुराव्याच्या कक्षेत असतो तोपर्यंत गरिबाचे मत श्रीमंताच्या मताइतकेच वजनदार असते. तो वाद बंद दाराआडच्या देवघेवीत गेला, किंवा जमावाच्या आरोळीत गेला, की प्रथम बळी जातो तो त्या गरिबाचाच.

आपल्याकडेही ह्याचा अनुभव आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, मुंबई शहर उत्तर ह्या दोन जागांच्या मतदारसंघात बाबासाहेबांचा पराभव झाला. नारायणराव काजरोळकर ह्यांच्याहून त्यांस सुमारे साडेचौदा हजार मते कमी पडली. दोन जागांच्या मतदारसंघात मतदारास दोन मते असत, परंतु दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. दिल्यास त्यांतील एकच धरले जाई. त्या मतदारसंघात चौऱ्याहत्तर हजारांवर मते बाद झाली. म्हणजे बाद मतांची संख्या पराभवाच्या अंतराहून कितीतरी मोठी होती. बाबासाहेब आणि अशोक मेहता ह्या दोघांनी मिळून ह्या निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. निकाल काही फिरला नाही. परंतु ज्या पुरुषाने राज्यघटनेच्या मसुद्यास आकार दिला त्याने पराभवानंतर दगड उचलला नाही, आणि मुकाट्यानेही बसला नाही. त्याने कागद लिहिला आणि कायद्याच्या दारी ठोठावला. संविधान सभेत १९४९ च्या नोव्हेंबरात त्यांनी ह्याच मार्गाचा आग्रह धरला होता. स्वतःच्या पराभवातही त्यांनी तो सोडला नाही.

आता माझ्या आईच्या प्रश्नाकडे येतो. "मग तू तिथं कशाला बसला होतास?" मी तेथे तिचे मत ओळखावयास बसलो नव्हतो, गुप्त मतदानात ते ओळखू येऊ नये हेच योग्य. जितकी माणसे रांगेत उभी राहिली तितकीच मते मेजावर आली की नाहीत, हे पाहावयास मी बसलो होतो. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने मतदान प्रतिनिधीस नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, म्हणजे नमुना १७-सी ह्या कागदाची, सही केलेली प्रत द्यावयाची असते. तो कागद मोजणीच्या दिवशी हाती असला की आकडा आकड्यास भिडविता येतो. निकालाविषयी खरा आक्षेप असेल तर पंचेचाळीस दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक अर्ज करता येतो. ह्या दोन गोष्टी प्रत्येक घरातील शिकलेल्या मुलाने आणि मुलीने पाठ कराव्या, आणि आपल्या वस्तीतून मतदान प्रतिनिधी व मोजणी प्रतिनिधी म्हणून बसावयास माणसे तयार करावी. एजफील्डच्या मतदारापाशी असा कागद नव्हता. जेम्स वर्मलीच्या हॉटेलात त्याच्या वतीने बसलेला माणूस नव्हता.

निकालाची वाट पाहण्याचेही शिक्षण लागते. अटीतटीच्या रात्री अफवा उठतात. आपला उमेदवार पुढे असला की मोजणी बरोबर वाटते आणि मागे पडला की खोटी वाटू लागते. हा मनाचा खेळ ओळखावा. जिंकल्यावर जो पुरावा आपण पुरेसा मानला असता, तोच हरल्यावरही पुरेसा मानावा. आणि हरल्यावर जी चूक आपण दाखविली असती, ती जिंकल्यावरही झाकू नये. एवढे ज्यास साधेल त्यास मोजणीच्या मेजाशी बसण्याचा अधिकार आला असे मी समजेन.

आई आता हयात नाही. तिचा प्रश्न मी तुमच्या स्वाधीन करतो. पुढच्या निवडणुकीच्या रात्री तुमच्या घरातील कोणी वृद्ध माउली जागी राहील आणि विचारील, माझे मत पोचले का? तेव्हा तिला हसू नका. "होय, पोचले, मी तेथे होतो, मी आकडा ताडून पाहिला," असे तिला सांगता येईल अशी तयारी ठेवा.

जय भीम!